भात छान मोकळा झालाय!

समीक्षेसाठी आमच्याकडे आजवर पुष्कळ काही येऊन गेलं. कवितासंग्रह आले, कादंबऱ्या आल्या, एका निवृत्त तहसीलदारांचं दोन खंडांतलं आत्मचरित्र आलं (पहिल्या खंडात ते चौथीपर्यंत पोहोचले होते). बँकेतली नोकरी सांभाळून बावीस वर्षं मी पुण्याच्या एका साप्ताहिकात पुस्तक परीक्षणं लिहिली. मानधनाच्या नावाखाली ते पुस्तकच मिळायचं. पण समीक्षेसाठी बाटली कधी आली नव्हती. ती गेल्या दिवाळीत आली.

आणणारा आमचा भाचा. फ्रान्समध्ये एका मोटारींच्या कारखान्यात असतो. बॅगेतून लोकरीच्या टोपीत गुंडाळलेली बाटली काढून त्याने ती माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "मामा, तू समीक्षक ना? मग हिचं परीक्षण लिही. पुस्तकं काय, कोणीही वाचतं."

आमच्या हिने बाटलीकडे पाहिलं, भिंतीवरच्या गणपतीकडे पाहिलं आणि कालनिर्णयाचं जुनं पान बाटलीभोवती गुंडाळून ती वाटाण्याच्या डब्यामागे ठेवली. जणू गणपतीला कालनिर्णयाच्या पलीकडचं दिसत नाही!

"मामी, ही दारू नाही. वाइन आहे," भाचा म्हणाला.

हे वाक्य महाराष्ट्राने २०२२च्या जानेवारीत भरपूर ऐकलं आहे. मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू की द्राक्षाचा रस, यावर आपल्याकडे एवढा वाद झाला की तेवढ्या वेळात द्राक्षाची एक बाग लावून झाली असती. मी मात्र कायद्याने चालणारा माणूस. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो. हे निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि उरलेल्यांना माहीत असून आठवत नाही. एका दिवसाचाही परवाना मिळतो. तो मी काढला. बावीस वर्षं विनापरवाना समीक्षा केली, आयुष्यात पहिल्यांदा परवाना काढून करत होतो.

आता परीक्षण म्हटलं की आधी मलपृष्ठ वाचायचं, हा आमचा जुना शिरस्ता. (काही पुस्तकांच्या बाबतीत नंतरही तेवढंच वाचलं, पण ते असो.) बाटलीबरोबर एक चार पानी इंग्रजी पत्रक होतं. वाइनचं नाव सान्सेर. ल्वार नदीकाठच्या एका टेकडीवरचं गाव सान्सेर, त्या गावची म्हणून वाइन सान्सेर. द्राक्षाची जात सोव्हिन्यों ब्लां. आपल्या नाशकात सुलाने २००० साली जी पहिली वाइन बाजारात आणली, तीत हेच द्राक्ष होतं. म्हणजे बाटली परकी असली तरी द्राक्षाचं नाशकाशी नातं जुळलेलं होतं. इथपर्यंत ठीक होतं.

पुढे चवीचं वर्णन. या वाइनला म्हणे गूजबेरीचा वास आहे, पपनसाचा आहे, नुकत्याच कापलेल्या गवताचा आहे, थोडा ढोबळ्या मिरचीचा आहे, मागून ओल्या दगडाचा आणि गारगोटीचा आहे. चव ताठ आहे. शेवट दीर्घ आहे. बाटलीत जी वस्तू खरोखर घातली होती, त्या द्राक्षाचा मात्र चार पानांत कुठे वासही नव्हता!

पत्रक वाचता वाचता मला ही शैली ओळखीची वाटायला लागली. कुठे बरं वाचलीय? आणि एकदम आठवलं, अहो, ही तर आमचीच! 'कवयित्रीच्या अनुभवाला ओल्या मातीचा पोत आहे', 'शब्दकळा ताठ, आशय मात्र पाझरणारा', 'शेवट दीर्घकाळ रेंगाळत राहतो.' हे सगळं मी लिहिलेलं आहे. एका आठवड्यात तीन वेगवेगळ्या कवयित्रींबद्दल लिहिलेलं आहे. त्यांच्या संग्रहांतही कवितेचा फारसा वास नव्हता, ही गोष्ट वेगळी.

गूजबेरी म्हणजे काय, यावर घरात बैठक झाली. मी शब्दकोश काढला. हिचं म्हणणं गूजबेरी म्हणजे आवळा. शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांचं म्हणणं रसभरी. खालच्या मजल्यावरच्या काकूंना रायआवळा वाटत होता आणि त्यांनी त्याच्या मुरंब्याची कृतीही सांगितली. प्रत्येकजण एका अर्थाने बरोबर होता. इंडियन गूजबेरी आवळा, केप गूजबेरी रसभरी, स्टार गूजबेरी रायआवळा. आणि नुसती गूजबेरी म्हणजे विलायतेतलं एक हिरवं, आंबटढाण, काटेरी झुडपावरचं फळ, जे आमच्या सबंध गृहसंकुलात कोणी खाल्लेलं नव्हतं. म्हणजे न प्यायलेल्या वाइनची चव न खाल्लेल्या फळावरून समजून घ्यायची होती.

भाच्याने त्यात भर घातली. या जातीच्या वाइनला मांजराच्या मूत्राचा वास येतो, असं तिकडचे जाणकार सांगतात, आणि पुष्कळदा कौतुकाने सांगतात!

"एवढ्यासाठी फ्रान्सला कशाला जायचं?" ही म्हणाली. "आपल्या माळ्यावर ये. फुकट आहे."

त्यात शास्त्र आहे, हे मी नंतर वाचलं. ढोबळ्या मिरचीला जो वास असतो, तो देणारी पायरॅझिन जातीची द्रव्यं या द्राक्षातही असतात. मांजराची आठवण देणारं गंधकाचं एक संयुगही असतं, थोडं असलं तर पपनस, फार झालं तर मांजर. (हे साहित्यातल्या वास्तववादालाही लागू आहे.) म्हणजे पत्रक अगदीच थापा मारत नव्हतं. पण मला थापा पकडायच्या होत्या. समीक्षकाला दुसरा समीक्षक खोटा ठरण्यासारखं सुख नाही. शिवाय माझ्या हाती एक भक्कम पुरावा लागला होता. फ्रान्समध्येच, बोर्दोला, चोपन्न विद्यार्थ्यांना पांढरी वाइन आणि लाल वाइन हुंगायला दिली. लाल दिसणारी वाइन प्रत्यक्षात तीच पांढरी होती, तिच्यात वास नसलेला लाल रंग घातला होता. हे विद्यार्थी वाइनचंच शिक्षण घेणारे. त्यांनी त्या रंगवलेल्या पांढऱ्या वाइनला लाल वाइनची सगळी विशेषणं लावली. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे नाक वाचत होतं आणि डोळे डोळा मारत होते! एखाद्या नवकवीच्या संग्रहावर थोर कवीचं नाव छापून आमच्याकडे पाठवला असता तर आम्ही काय केलं असतं, हा विचार मनात आला, आणि तो मी तिथेच दाबला.

ठरलं. ही बाटली पुण्यात फोडायचीच नाही. पुण्यात प्रत्येकाचं मत आधीच तयार असतं, नाक नंतर येतं. बाटली घेऊन जायचं वेल्ह्याला, आत्याकडे.

माझे वडील भोरला मास्तर होते. माझं बालपण भोरच्या पंतसचिवांच्या राजवाड्याशेजारच्या गल्ल्यांत गेलं. हल्ली त्या वाड्यात सिनेमावाले येऊन पेशवे उभे करतात, आमच्या वेळी आम्ही तिथे विटीदांडू खेळत असू. वडिलांची धाकटी बहीण वेल्हे तालुक्यात तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत दिलेली. २०२४ साली मंत्रिमंडळाने या तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. पर पाऊस तेवढाच पडंल नव्हं?" आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे. नजर अधू, कान आपल्या सोयीने चालणारे, पण नाक असं की सून चुलीवर काय करते आहे हे ती अंगणातून सांगते. नुसतं काय करते आहे एवढंच नाही, काय करायला विसरली हेही.

आम्ही भोरमार्गे गेलो, कारण भाच्याला भाटघरचं धरण पाहायचं होतं आणि मला तिथली चिलापी घ्यायची होती. ('पांढऱ्या वाइनबरोबर मासा' एवढं एक वाक्य मला सिनेमांमुळे माहीत होतं.) मग परत कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत वेल्हे. भातकाढणी चाललेली. खाचराखाचरांतून पिवळे भारे पडलेले, समोर तोरणा एखाद्या रागावलेल्या मास्तरासारखा उभा.

पत्रकात लिहिलं होतं की ही वाइन आठ ते दहा अंशांवर प्यावी. वाडीत सकाळपासून लाइट नव्हती. आतेभावाने बाटली पोहऱ्यात घालून विहिरीत सोडली. तासाभराने वर काढली, हात लावून पाहिला आणि म्हणाला, "गार हाय." आमच्या विहिरीला फ्रेंच अंश कळत नाहीत, तिला गार कळतं. बूच काढायचं हत्यार कोणाकडेच नव्हतं. त्याने बुचात एक लांब स्क्रू पिळला आणि पकडीने असा ओढला की दावणीचा बैल बुजला. ग्लास म्हणून स्टीलची फुलपात्रं. सान्सेरच्या कोणी हे पाहिलं असतं तर त्याने तोरण्यावरून उडी घेतली असती.

आता मुख्य परीक्षण. कशाबरोबर काय लागतं.

पहिला प्रयोग खेकड्याच्या रश्शाबरोबर. भातखाचरातला खेकडा, वाटणात काळा मसाला, रंग असा की पाहूनच कपाळाला घाम. रश्शाचा घास घेतला, वर वाइनचा घोट घेतला, आणि पुढची दोन मिनिटं मी वाङ्मयबाह्य होतो. मद्यार्काने तिखट विझत नाही, भडकतं. आगीवर रॉकेल ओतावं तसं झालं. आणि वाइनची जी काही गूजबेरी असेल ती त्या आगीत जिवंत जळाली. निष्कर्ष पहिला: झणझणीत वेल्हे आणि ताठ सान्सेर यांची पत्रिका जुळत नाही. तिकडचे लोक मसालेदार जेवणाबरोबर थोडी गोडसर वाइन सुचवतात, ते त्यामुळेच. आपण तिखटावर गुळाचा खडा चघळतो, तेच तत्त्व.

दुसरा प्रयोग चिलापीचा. हिने तांदळाच्या पिठात घोळवून, हळद-मीठ एवढंच लावून परतलेली. आणि काय सांगू, इथे मामला एकदम बदलला! माशाचं तेल जिभेवर बसतंय न बसतंय तोच त्या आंबट घोटाने ते धुऊन नेलं आणि जीभ पुढच्या घासाला नव्याने हजर झाली. माशाची गोडी वाढली आणि मघाशी कडक वाटलेली वाइन मिठामुळे मवाळ झाली. ल्वारकाठचे लोकही ल्वारेतल्या माशांवर लोण्याचा सॉस घालून असल्याच वाइनबरोबर खातात. आमची वेळवंडी ल्वारेएवढी लांब नसेल, पण माशाला काय त्याचं!

तिसरा प्रयोग शेळीच्या चीजचा असायला हवा होता. सान्सेरच्या शेजारीच शाविन्योल नावाचं खेडं आहे, तिथलं शेळीच्या दुधाचं चीज आणि सान्सेर ही जोडी म्हणजे तिकडची झुणका-भाकर. वेल्ह्यात शेळ्या पुष्कळ, पण चीज कोणी करत नाही. तेव्हा मऊ भात, साजूक तूप, मेतकूट आणि मीठ. जमलं! तुपाला ते आंबट बिलगलं.

आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्या ताटाची डावी बाजू आठवा. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूला जे काही जड, तेलकट, गोडमिट्ट असेल त्याला ताळ्यावर आणणं हे डाव्या बाजूचं काम. वरणभातावर तूप पडलं की हात आपोआप लिंबाकडे जातो. फ्रेंच माणसाने काय केलं, तर ताटाची डावी बाजू बाटलीत भरली. आम्ही तेच ताकाने करतो, वरंधा घाटातून वर येणाऱ्या कोकणच्या आमसुलाने करतो. हे मी आत्याला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुपाला आंबट लागतं, हे सांगाया बाटली कशाला पायजे व्हती?"

आत्या पिणार नव्हतीच. "पर वास घ्यायला काय पाप न्हाय," म्हणाली आणि फुलपात्र तिने नाकाशी धरलं. आम्ही सगळे गप्प. मी पत्रक हातात घेऊन तयार. तिने डोळे मिटले.

"करवंद," ती म्हणाली.

मी पत्रक पाहिलं. करवंद नव्हतं.

"पिकलं न्हाय. हिरवं. तोडलं की चीक येतो बघ बोटाला, तसलं." तिने पुन्हा वास घेतला. "आन् मागनं वळवाचा. कातळ तापल्याला असतो, आन् पयलं थेंब पडत्यात."

मी पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. हिरवं, आंबटढाण, काटेरी जाळीवरचं फळ आणि ओला दगड. आत्याला इंग्रजी येत नाही. तिला रंग नीट दिसत नाही, म्हणजे बोर्दोच्या विद्यार्थ्यांसारखा डोळ्यांनी तिला दगाही दिला नव्हता. पत्रकवाल्याने चार पानं खर्ची घालून जे लिहिलं होतं, ते तिने तोरण्याच्या उतारावरच्या दोन वस्तूंत सांगितलं होतं. थापा पकडायला गेलेला समीक्षक स्वतःच पकडला गेला होता. पत्रक खोटं नव्हतं. ते फक्त दुसऱ्याच्या बालपणात लिहिलेलं होतं.

चवीला स्वतःचे शब्द नसतात, हे यातलं खरं मर्म. रंगाला तांबडा-हिरवा म्हणता येतं, वासाला 'अमुकसारखा' एवढंच म्हणता येतं. आणि ते 'अमुक' आधी खाल्लेलं, हुंगलेलं असावं लागतं. कॅलिफोर्नियात अॅन नोबल नावाच्या प्राध्यापक बाईंनी १९८४ साली वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. ताठ, उदात्त, खानदानी असले शब्द बाद. त्यांच्या वर्गात वाइनमध्ये खरोखरीची ढोबळी मिरची टाकून ठेवत आणि विद्यार्थ्याला सांगत, हुंग, याला ढोबळी मिरची म्हणायचं. शब्द आणि वस्तू एकत्र बांधून ठेवायची. आम्ही मराठी समीक्षकांनी 'ओल्या मातीचा पोत' लिहिण्यापूर्वी एकदा तरी ओली माती हातात धरली असती, तर किती झाडं वाचली असती!

"पर हे कुठल्या रानातलं?" आत्याने विचारलं.

भाचा खूश झाला. फ्रेंचांना हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणाला. जात कुठली हे नंतर, आधी माती कुठली, उतार कुठला, ऊन किती. त्यासाठी त्यांच्याकडे 'तेर्वार' असा एक फार मोठा शब्द आहे.

"म्हंजी खाचर," आत्या म्हणाली.

रात्री जेवायला आत्याने वेगळा भात टाकला होता. झाकण काढलं आणि घर भरून वास सुटला. मी संधी साधली. "वा, आंबेमोहोर!" मी भाच्याला म्हणालो, "बघ, फ्रेंचांनी चार पानं लिहिली. आपल्या शेतकऱ्याने तांदळाच्या नावातच परीक्षण लिहून ठेवलं. आंब्याच्या मोहोराचा वास! एका शब्दाची समीक्षा. आमच्याकडे पुण्यात बारा महिने हाच असतो."

आतेभाऊ खाली मान घालून हसायला लागला. आत्या गप्प.

"काय झालं?"

"दादा," तो म्हणाला, "सहा वर्षांमागं आये मोतीबिंदूच्या आपरेशनला तुमच्याकडं व्हती, तवा ती काय म्हणाली व्हती?"

ते मला कसं विसरता येईल? हिने मोठ्या हौसेने आंबेमोहोर केला होता, ओळखीच्या दुकानातला, किलोमागे भाव ऐकून दुकानदारच आधी बसायला खुर्ची देतो असला. आत्या दोन घास जेवून म्हणाली होती, "भात छान मोकळा झालाय!" हिने ते वाक्य सगळ्या गृहसंकुलात सांगितलं होतं.

"आंबेमोहोर कधी मोकळा व्हतो का?" आतेभाऊ म्हणाला.

आणि खरंच की! समोरच्या ताटातला भात मऊ होता, शितं एकमेकांना बिलगून बसली होती. आंबेमोहोर असाच होतो. 'मोकळा' या एका शब्दात आत्याने माझा तांदूळ, माझा दुकानदार, माझं नाक आणि माझी सहा वर्षं यांचं परीक्षण करून टाकलं होतं, आणि आम्ही ते प्रशस्तिपत्र म्हणून मिरवत होतो. बावीस वर्षांत एवढं कडक आणि एवढं सभ्य वाक्य मला लिहिता आलं नाही. बोर्दोच्या चोपन्न विद्यार्थ्यांत मी पंचावन्नावा. त्यांना रंगाने फसवलं, मला पिशवीवरच्या नावाने.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" ही म्हणाली.

"पावण्यानं सैपाकाला नाव ठेवू न्हाय," आत्या म्हणाली. हे तत्त्व मराठी समीक्षेत असतं, तर माझ्यावरही पुष्कळ लोक खूश असते.

मग कळलं, आत्याच्या घरीही आंबेमोहोर आता एकाच खाचरात आहे. पाच माणसांची सावली पडेल एवढं खाचर. बाकी सगळी इंद्रायणी. मी जरा हळहळण्याच्या बेतात होतो, तेव्हा आतेभावाने मला थांबवलं. आंबेमोहोराचं पीक उंच वाढतं, वाऱ्यापावसात आडवं होतं, उतारा कमी. इंद्रायणी उभी राहते, कणगी भरते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली ती दिली, आयआर-८ आणि आंबेमोहोर-१५७ यांच्या संकरातून. म्हणजे ती आंबेमोहोराचीच लेक. थोडा वास आईचा, ताठ कणा बापाचा. "प्वाट इंद्रायणीनं भरतं," आत्या म्हणाली, "तिला नावं ठिवू नगा."

सान्सेरचा इतिहासही काही वेगळा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फिलॉक्सेरा नावाच्या किडीने तिथल्या वेलींची मुळं खाल्ली. त्याआधी तिथे मुख्यतः लाल वाइनची द्राक्षं होती. नव्याने लावताना सोव्हिन्यों ब्लां आली. म्हणजे ही खानदानी पांढरी सान्सेरही बदलीवर आलेली. फरक नंतरचा आहे. १९३६ साली त्यांनी कायदा लावून घेतला: या टेकड्यांतली, या द्राक्षाची, एवढ्याच उताऱ्याची असेल तरच सान्सेर म्हणायचं. नावाची राखण केली आणि उतारा कमी पडला तर भाव जास्त दिला. आंबेमोहोरालाही आता भौगोलिक मानांकन आहे, कागद आपल्याकडेही झाला आहे. पण कागदाला वास नसतो. तो ओळखणारं नाक गिऱ्हाईकाला लागतं. आणि गिऱ्हाईक म्हणजे मी! 'मोकळा झालाय' ऐकून खूश होणारा. माझ्यासारख्याच्या नाकाच्या भरवशावर कोणी शेतकऱ्याने आडवं होणारं पीक का लावावं? आतेभावाचं एक खाचर आत्याच्या नाकापायी टिकलं आहे. आत्या चौऱ्याऐंशीची आहे. यापुढचं गणित कोणी मोठ्याने केलं नाही.

सगळे जेवत होते. भाचा बराच वेळ भाताचा वास घेत होता. मग हळूच म्हणाला, "मामा, मोहोराला वास असतो?"

मी घास थांबवला. मुलगा हुशार आहे. गूजबेरी खाल्लेला आहे. वाइनमधला ओला दगड ओळखतो. पण तो पुण्यात अकराव्या मजल्यावर वाढला आणि माघ महिन्यात आंब्याखाली उभा राहण्याचं त्याला कधी काम पडलं नाही. 'आंबेमोहोर' ही एका शब्दाची समीक्षा त्याच्यासाठी माझ्या गूजबेरीसारखीच होती, न खाल्लेल्या फळावरून न ओळखलेल्या चवीचं वर्णन. तांदूळ नाहीसा व्हायला आडवं होणारं पीक लागतं. नाव नाहीसं व्हायला एवढंही लागत नाही.

तर, परीक्षण. सान्सेर: पांढरी, आंबट, हिरव्या करवंदाची, मागून वळवाच्या कातळाची. तिखटाशी वैर, तळलेल्या माशाशी मैत्री, तूपभाताशी सोयरीक. किंमत भाच्याने सांगितली नाही. सोबतचं पत्रक प्रामाणिक, पण इथल्या वाचकासाठी अनुवाद आवश्यक, अनुवादक म्हणून आत्याच हवी.

निघताना आत्याने पाच किलो आंबेमोहोर बांधून दिला. पैसे विचारल्यावर रागावली, मग मी दुकानातल्या पिशवीवरचा भाव सांगितला, तेव्हा रागावायची थांबली आणि आतेभावाकडे पाहायला लागली. पुढच्या वर्षी दुसरं एक खाचर आंबेमोहोराला द्यायचं आणि ते सगळं त्याच भावाने मी घ्यायचं, असं ठरलं आहे. ही म्हणते, पेन्शनीत बसणार नाही. बघू.

भाचा फ्रान्सला परत गेला. परवा त्याचा फोन आला. बरोबर नेलेल्या तांदळाचा भात लावला होता म्हणे, शेजारच्या फ्रेंच जोडप्याला जेवायला बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, हा वास कशाचा? याने सांगितलं, आंब्याच्या मोहोराचा. त्यांनी विचारलं, तो कसा असतो?

"मामा, काय सांगू त्यांना?"

"सांग," मी म्हणालो, "की या भातासारखा असतो."

"आणि भात कसा असतो विचारलं तर?"

"तर म्हणावं, मोहोरासारखा. आणि तरीही पटलं नाही, तर फेब्रुवारीत आत्याकडे या. करवंदं मात्र मे महिन्यात."